पन्नास सह्यांची अट

भारतातल्या उदारमतवादी पक्षांची कथा बहुधा १९१८ पासून सांगितली जाते. त्या वर्षी मवाळांनी काँग्रेस सोडून स्वतःची चूल मांडली. मला ती १८७० पासून, पुण्यातल्या एका अटीपासून सांगणे अधिक योग्य वाटते. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे होते, आणि धडपड मुख्यतः गणेश वासुदेव जोशी या वकिलाची, ज्यांना पुढे सगळे ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. सभेच्या नियमांत एक नियम असा होता की, ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. हे माझ्या वतीने बोलतील, असे पन्नास जणांनी लिहून द्यायचे, तेव्हा कुठे तो माणूस सभेत बसायचा. पंचाण्णव सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारी जमवली. देशात निवडणुकीचा कायदा नव्हता, मतदारयादी नव्हती, आणि सरकारने असे काही करायला सांगितलेही नव्हते. तरी ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या प्रश्नाचे उत्तर कागदावर हवे, हे या मंडळींना आपणहून सुचले.

या अटीचे मोल मला एवढे वाटते याचे कारण पुढच्या शंभर वर्षांत आहे. उदारमतवादी परंपरेतून तीन-चार संस्था आणि दोन मोठे पक्ष निघाले. त्यांत बुद्धी होती, सचोटी होती, देशाच्या अर्थकारणाची आणि कायद्याची जाण तर इतर कोणाहूनही अधिक होती. पण पन्नास सह्या आणण्याची सवय त्यांनी सोडली आणि ती पुन्हा कधी लागली नाही. मते त्यांना अधूनमधून मिळाली, पण दुसऱ्याच्या पदरची. कधी इंग्रजांनी आखलेल्या तुटपुंज्या मताधिकारामुळे, कधी काँग्रेसच्या बहिष्कारामुळे, कधी राजेरजवाड्यांच्या वजनामुळे. ज्याच्या पदरची होती त्याने ती परत नेली की पक्ष बसला. उदारमतवाद ही परक्या मातीतली कल्पना होती म्हणून तो इथे रुजला नाही, असे जे म्हटले जाते त्यापेक्षा हे कारण मला पुराव्याशी अधिक जुळणारे दिसते.

सभेच्या पहिल्या दहा वर्षांचे कामच पाहावे. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेच्या मागे त्यांची अभ्यासू दृष्टी उभी राहिली. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटची समिती बसली, तेव्हा सभेने महाराष्ट्रातल्या लोकांच्या सांपत्तिक स्थितीची माहिती गोळा करून अहवाल तयार केला. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून खरी हकिकत पाठवत होती आणि सभा ती सरकारपुढे मांडत होती. १८७७ च्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक काका खादीचे कपडे घालून गेले. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले आणि शेतसारा, जंगल, कर्जबाजारीपणा यांवर त्यात जे छापून आले ते सरकारी अधिकाऱ्यांनाही वाचावे लागे. या सगळ्याला वजन होते, कारण सभेला लोकांनी लिहून दिले होते.

यावर एक हरकत तेव्हाच घेतली गेली आहे, आणि घेणारा माणूस असा आहे की तिला बगल देता येणार नाही. जोतीराव फुल्यांना या सभेत ब्राह्मण वकील, इनामदार आणि सरदारच दिसत. शूद्रातिशूद्र शेतकऱ्याच्या नावाने ही मंडळी बोलतात, पण तो शेतकरी सभेत आहे कुठे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. टीका खरीच होती. सभेचे अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होते आणि सह्या करणाऱ्यांत पुण्याच्या पेठांमधली प्रतिष्ठित माणसे अधिक असणार, हे उघड आहे. पण फुल्यांची टीका त्या अटीच्या विरोधात जात नाही, उलट ती अट पुढे न्यायला सांगते. जिथे सह्यांचा नियम आहे तिथे ‘या सह्या कोणाच्या?’ असे विचारता येते, आणि उद्या मांग-महारांच्या, कुणब्या-माळ्यांच्या सह्या आणणाऱ्याला दार बंद करता येत नाही. नियमच नसला तर विचारायलाही जागा उरत नाही.

नेमके तेच पुढे घडले. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूच्या लोकांच्या ताब्यात गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली, आणि तिच्या स्थापनेच्या वेळी रानड्यांनी उदारमतवाद आणि नेमस्तपणा म्हणजे काय याचे जे निवेदन केले ते आजही भारतीय उदारमतवादाची सर्वांत नेटकी मांडणी म्हणून वाचावे असे आहे. पण डेक्कन सभा हे मुख्यतः शिकलेल्यांचे वर्तुळ राहिले. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांनी सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव पाठवून दुष्काळाच्या कायद्यात रयतेला कोणते हक्क आहेत ते सांगायला सुरुवात केली, आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. काम रानड्यांनी घालून दिलेल्याच वळणाचे होते: कायदा वाचा, लोकांना सांगा, सरकारला त्याच्याच शब्दांना बांधा. फरक एवढाच की ते आता जहालांच्या हातात होते. मवाळांनी सभा गमावली याचे मला फारसे दुःख वाटत नाही, संस्था येतात आणि जातात. सभेबरोबर त्यांनी खेड्याकडे जाणारी वाटही सोडून दिली, हे दुःख मोठे आहे.

गोखल्यांच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण या बाबतीत अधिक जिव्हारी लागते. १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची त्यांची भाषणे म्हणजे आकड्यांच्या आधारे गरिबाची बाजू कशी मांडावी याचा वस्तुपाठ होता. शिलकी अंदाजपत्रक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला पैसा, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले आणि मिठावरच्या कराविरुद्ध सतत आवाज उठवला. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. देशातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचलेला हा दिलासा होता. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही स्थानिक संस्थांच्या मर्जीने आणि सरकारच्या परवानगीने, इतके सावध विधेयक होते ते. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी सभासदही विरोधात गेले. आता विचार करावा: ज्यांच्या मिठावरचा कर उतरला आणि ज्यांच्या मुलांच्या शाळेसाठी गोखले झिजले, त्या कोट्यवधी माणसांपैकी किती जणांना गोखले आपला माणूस वाटत होते? त्यांना तसे वाटावे यासाठी गोखल्यांच्या पक्षाकडे साधन कोणते होते? सभागृहाबाहेर या विधेयकामागे रस्त्यावर उतरणारे कोणी नव्हते, कारण त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

त्या काळी अडाणी आणि दबलेल्या रयतेला राजकारणात आणणे शक्यच नव्हते, असे गोखल्यांच्या बाजूने म्हटले जाते. हे म्हणणे पुढच्या दहा वर्षांतच खोटे ठरले, आणि ते खोटे ठरवणाऱ्यांत गोखल्यांचीच माणसे होती. १९०५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातून गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी, अमृतलाल ठक्कर अशी माणसे तयार झाली. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात पिके बुडाली तेव्हा या तिघांनी तिथे जाऊन नुकसानीची चौकशी केली. सत्याग्रह मात्र गांधींनी केला. गांधी गोखल्यांना गुरू मानत होते. १९१५ मध्ये गोखले गेल्यावर त्यांनी भारत सेवक समाजात येण्याची इच्छा धरली होती. समाजातल्या सभासदांचे एकमत होईना, तेव्हा गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. समाजातले श्रीनिवास शास्त्री आणि इतरांचे मतभेद प्रामाणिक होते, हे मान्य. तरी माहिती गोळा करणारी माणसे एका संस्थेत आणि त्या माहितीवर लोक उभे करणारा माणूस दुसरीकडे, अशी ही फाळणी उदारमतवाद्यांना फार महागात पडली. ना. म. जोशींचे तर त्याहून विलक्षण. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी करणाऱ्यांत ते आघाडीवर होते, गिरणी कामगारांचे हिताहित त्यांच्याइतके कमी लोकांना कळत होते. पण मध्यवर्ती कायदेमंडळात ते वर्षानुवर्षे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. ज्या कामगारांमध्ये त्यांनी आयुष्य घालवले त्यांची मते मागण्याची वेळ त्यांच्या पक्षावर आलीच नाही.

पक्ष झाला तो माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या निमित्ताने. ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे खास अधिवेशन भरले. सुधारणा अपुऱ्या ठरवण्याचा त्याचा रोख पाहून मवाळ पुढारी त्यापासून दूर राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईतच सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली त्यांची स्वतंत्र परिषद झाली. त्यातून नॅशनल लिबरल फेडरेशन उभे राहिले. मराठीत ‘प्रागतिक पक्ष’ म्हणून ते ओळखले गेले. तेजबहादूर सप्रू, श्रीनिवास शास्त्री, चिंतामणी, चिमणलाल सेटलवाड, दिनशा वाच्छा, रँग्लर परांजपे ही नावे पाहिली तर एवढी गुणी माणसे एका वेळी क्वचितच एका पक्षात असतील. १९२० च्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या चोवीस-पंचवीस कोटी लोकसंख्येत प्रांतिक कायदेमंडळांसाठी मत होते सुमारे पन्नास लाखांना. अशा मोकळ्या मैदानात प्रागतिक निवडून आले आणि मंत्री झाले.

त्यांनी त्या तीन वर्षांत जे केले त्याला कमी लेखणे हा अन्याय होईल. सप्रू व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य असताना १९१० चा जाचक छापखाना कायदा आणि रौलट कायदा दोन्ही १९२२ मध्ये रद्द झाले. ज्या कायद्यावरून जालियनवाला बाग घडली तो कायदा रद्द करणाऱ्याचे नाव आज कोणाच्या ओठांवर नसते. मुंबई इलाख्यात शिक्षणमंत्री परांजपे यांच्या काळात १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि गोखल्यांचे अपुरे राहिलेले काम त्या इलाख्यात पुढे गेले. सुरेंद्रनाथांनी कलकत्ता महापालिकेचा कायदा करून तिचा कारभार लोकनियुक्तांच्या हाती दिला. संयुक्त प्रांतात गव्हर्नर खात्यात ढवळाढवळ करतो म्हणून चिंतामणींनी मंत्रिपद सोडले. खुर्चीला चिकटलेली माणसे नव्हती ही. पण १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला, आणि बंगालमध्ये ‘राष्ट्रगुरू’ म्हणवले जाणारे सुरेंद्रनाथ बॅनर्जी विधानचंद्र रॉय या राजकारणात नवख्या डॉक्टरकडून हरले. मैदान मोकळे होते म्हणून मिळालेली मते, मैदानात दुसरा कोणी आला त्या दिवशी गेली.

त्यानंतर प्रागतिक मध्यस्थ म्हणून उरले, आणि मध्यस्थ म्हणून ते फार मोठे होते. सायमन कमिशनवर त्यांनी काँग्रेसइतकाच ठाम बहिष्कार घातला. १९२८ च्या नेहरू अहवालात सप्रूंचा हात होता. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारामागे आणि १९३२ च्या पुणे करारामागे सप्रू आणि बॅरिस्टर जयकर यांच्या खटपटी होत्या. यावरून कोणी म्हणेल की मतांच्या गणतीने त्यांचे यश मोजणेच चूक. त्यांच्या कल्पना राज्यघटनेत आल्या, मग पक्ष राहिला काय आणि गेला काय. मूलभूत हक्क, स्वतंत्र न्यायालये, संसदीय पद्धत यांवर या परंपरेचा ठसा आहे, यात वाद नाही. पण घटना मोडू लागते तेव्हा तिच्या बाजूने उभे राहायला सभागृहात माणसे लागतात, आणि ती मतांनीच येतात. १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावर नवी बंधने घातली गेली, तेव्हा भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू विरोधात बोलले. त्यांच्यामागे पक्ष नव्हता. १९३५ च्या कायद्याने मतदार तीन कोटींच्या वर गेले होते आणि १९३७ च्या निवडणुकीत प्रागतिक जवळजवळ पुसले गेले होते. जानेवारी १९४३ मध्ये रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डेक्कन सभेने पुण्यात डॉ. आंबेडकरांना व्याख्यानाला बोलावले. त्यांनी रानड्यांचा गौरव केला आणि यजमानांच्या पक्षाच्या ऱ्हासाचीही मीमांसा केली. संघटनेचा अभाव हे त्यांनी दाखवलेले एक मुख्य कारण होते. मी त्यात एवढीच भर घालेन की संघटनेची जी रीत त्यांना हवी होती ती त्याच शहरात त्र्याहत्तर वर्षांपूर्वी तयार झाली होती.

दुसरा प्रयत्न स्वतंत्र भारतात झाला. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला, आणि जूनमध्ये मद्रासला राजाजींनी नव्या पक्षाची घोषणा केली. ऑगस्टमध्ये मुंबईत स्वतंत्र पक्षाची रीतसर स्थापना झाली. अध्यक्ष आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, सरचिटणीस मुंबईचे माजी महापौर आणि एके काळचे काँग्रेस समाजवादी मिनू मसानी. परमिट-लायसन राज या शब्दात राजाजींनी जे पकडले ते गावच्या तलाठ्यापासून दिल्लीच्या सचिवालयापर्यंत सगळ्यांना कळणारे होते. १९६२ मध्ये पक्षाला लोकसभेत १८ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये ४४, आणि तो लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. काँग्रेस स्वतःच मध्यममार्गी असल्यामुळे दुसऱ्या मध्यममार्गी पक्षाला भारतात जागाच नव्हती, असे जे सांगितले जाते त्याला हे आकडेच उत्तर आहेत. जागा होती. प्रश्न ती कोणाच्या बळावर भरली हा आहे.

बिहारमध्ये ती रामगढच्या राजाने भरली. कामाख्या नारायण सिंहांनी आपला पक्ष ‘स्वतंत्र’मध्ये विलीन केला आणि १९६२ मध्ये विधानसभेत पन्नास जागा आणून दिल्या, १९६४ मध्ये ते बाहेर पडले आणि बिहारमधला स्वतंत्र पक्ष त्यांच्याबरोबर गेला. ओरिसात माजी संस्थानिकांची गणतंत्र परिषद सामील झाली आणि १९६७ मध्ये राजेंद्र नारायण सिंह देव मुख्यमंत्री झाले. राजस्थानात जयपूरच्या गायत्रीदेवी. गुजरात तेवढा वेगळा होता. वल्लभ विद्यानगर वसवणारे भाईकाका पटेल यांनी खेडा भागातल्या पाटीदार शेतकऱ्यांशी क्षत्रियांची मोट बांधली आणि १९६७ मध्ये विधानसभेच्या १६८ पैकी ६६ जागा जिंकल्या. संयुक्त शेतीला खरोखर भिणारा जमीनधारक शेतकरी तिथे पक्षाच्या मागे उभा होता. महाराष्ट्रात पक्षाचे मुख्य कार्यालय होते, पण शेतकरी नव्हता: साखर कारखाने, जिल्हा बँका आणि जिल्हा परिषदा यांच्या जाळ्यातून इथला बागायतदार काँग्रेसशी पक्का जोडला गेला होता, आणि सहकार हा शब्द त्याला नागपूरच्या ठरावासारखा नव्हे, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यासारखा ऐकू येत होता. त्याच्याशी बोलायला मुंबईहून कोणी नेटाने गेले नाही. पक्षाचा पैसाही मोठ्या उद्योगांकडून येत असे. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली आणि तो झराही आटला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध पक्षाचे रुस्तम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये जिंकले. सरकारने नवा कायदा केला आणि पुढच्या वर्षी मतदारांपुढे गेले. १९७१ मध्ये स्वतंत्र पक्षाला आठ जागा मिळाल्या. १९७४ मध्ये तो चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विसर्जित झाला. आणीबाणीत मसानी आपल्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकासाठी सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि १९७६ मध्ये जिंकलेही. त्या निकालाचा मला अभिमान वाटतो. पण तो एका माणसाचा आणि दोन न्यायमूर्तींचा विजय होता.

माझ्या या सगळ्या म्हणण्याला सर्वांत अवघड उत्तर महाराष्ट्रातूनच मिळते. शरद जोशींनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना काढली. चाकणचा कांदा, नाशिकचा ऊस, निपाणीची तंबाखू यांची आंदोलने, १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन, बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती, असे काम रानडे-गोखल्यांच्या परंपरेत कोणी केले नव्हते. खुल्या बाजाराची बाजू कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडून बोलू लागली. पन्नास सह्या काय, लाखो माणसे त्यांच्या मागे होती. तरी १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला आणि मते मिळाली नाहीत. मग मुखत्यारीचा मुद्दा कुठे उरला? तो उरतो, असे मला वाटते. सुरुवातीची वर्षे संघटनेने निवडणुकीपासून अंतर राखले होते. छातीवर लाल बिल्ला लावून रस्ता अडवणाऱ्या शेतकऱ्याने जोशींना शेतमालाच्या भावापुरती मुखत्यारी दिली होती, आणि तेवढीच त्याच्याकडे मागितली गेली होती. त्याचे मत, त्याची जात, त्याच्या उसाचा कारखाना, त्याच्या सोसायटीचे कर्ज हे सगळे दुसऱ्यांच्या हाती राहिले; मतदानाच्या दिवशी तो बिल्ला काढून ठेवायचा आणि कारखान्याच्या अध्यक्षाने सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारून यायचा.